मिसिंगची नोंद आणि राष्ट्रपतींचे पदक

मीरा रोड-भाईंदर म्हटले की राज्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दोन बंद दारे हमखास आठवतात. एक गीता नगरमधल्या इमारतीतले. 7 जून 2023 रोजी दुर्गंधी येते म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आत शिरले, तिथे एका बाईच्या मृतदेहाचे तुकडे सापडले आणि पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांना प्रेशर कुकरखेरीज दुसरा विषय उरला नाही. दुसरे दार त्याआधीचे, 11 एप्रिल 2016 चे. त्यामागे सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा खून झाला. तिथे लोकांच्या लक्षात राहिले ते लाकूड कापायचे यंत्र. हत्यार ध्यानात राहते, तारखा विसरल्या जातात. बिद्रे प्रकरणात तर जे काही शिकण्यासारखे आहे ते सगळे तारखांमध्येच आहे.

अश्विनी बिद्रे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील आळते गावच्या. स्पर्धा परीक्षा देऊन त्या फौजदार झाल्या. सांगलीत नेमणूक असताना त्यांची ओळख अभय कुरुंदकर या वरिष्ठ अधिकाऱ्याशी झाली. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, आजऱ्याकडचा. पुढे बिद्रे नवी मुंबईत आल्या आणि कुरुंदकर ठाणे ग्रामीण पोलिसांत. मधल्या काळात दोघांच्या संबंधांत भांडणे, धमक्या आणि मारहाण शिरली होती. 11 एप्रिल 2016 नंतर त्या कुणालाच दिसल्या नाहीत. कुरुंदकरने मीरा-भाईंदरमधल्या आपल्या फ्लॅटवर त्यांचा खून केला, मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकले, ही सरकार पक्षाची मांडणी पनवेलच्या सत्र न्यायालयाने मान्य केली. न्यायाधीश कृ. गो. पालदेवार यांनी 5 एप्रिल 2025 रोजी त्याला दोषी ठरवले आणि 21 एप्रिलला जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, चौथा आरोपी निर्दोष सुटला.

गुन्हा आणि शिक्षा यांत नऊ वर्षे गेली. आपल्याकडे नऊ वर्षे म्हटले की लोक ‘कोर्टाची तारीख पे तारीख’ म्हणून मोकळे होतात. इथे मात्र कोर्टाकडे बोट दाखवण्याआधी पहिल्या वीस महिन्यांकडे पाहायला हवे. त्या काळात प्रकरण कोर्टापर्यंत आलेलेच नव्हते. ते पोलीस ठाण्यात होते.

खुनानंतर बिद्रे यांच्या फोनवरून नातेवाइकांना संदेश जात राहिले. आपण काही दिवस उत्तरेकडे चाललो आहोत, अशा अर्थाचे. जिवंत माणसाचा भास निर्माण करायला हल्ली दोन ओळी आणि दोन निळ्या खुणा पुरतात. घरच्यांना शंका येईपर्यंत, त्यांनी चौकशी करेपर्यंत जुलै उजाडला. भावाने कळंबोली पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिची नोंद झाली ती ‘मिसिंग’ म्हणून.

पोलीस ठाण्यात कधी बाकावर बसून राहिलेल्या माणसाला मिसिंग आणि गुन्हा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. मिसिंग म्हणजे एका रजिस्टरमधली नोंद, एक फोटो, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन, आसपासच्या ठाण्यांना बिनतारी संदेश आणि ‘काही कळले तर सांगू’ हे आश्वासन. गुन्हा दाखल झाला की तपास अधिकारी नेमावा लागतो, केस डायरी लिहावी लागते, दंडाधिकाऱ्याकडे कागद जातो, जप्ती-पंचनाम्याचे अधिकार येतात. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्याच्या निकालात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक केले. मात्र सज्ञान बाई हरवली तर ही माहिती ‘दखलपात्र गुन्ह्याची’ आहे की नाही, हे टेबलापलीकडे बसलेला अधिकारी ठरवतो.

त्याची अडचणही खरी आहे. संसदेत केंद्र सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार 2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रातून अठरा वर्षांवरील 1,78,400 स्त्रिया बेपत्ता झाल्याच्या नोंदी झाल्या. यांतल्या पुष्कळ जणी स्वतःहून गेलेल्या असतात, कुणी मनाविरुद्धच्या लग्नातून, कुणी मनाजोगत्या लग्नासाठी. सज्ञान स्त्रीला घर सोडून जाण्याचा हक्क आहे आणि तिच्यामागे आपोआप अपहरणाचा गुन्हा लावणे म्हणजे पळून जाऊन लग्न केलेल्या प्रत्येक जोडप्यामागे पोलीस सोडणे होईल. हे मान्य. पण फोन बंद आहे, बँकेच्या खात्याला हात लागलेला नाही, आधी मारहाण झाल्याचे घरचे सांगतात आणि संशयित म्हणून एका माणसाचे नावच घेतात, तिथे रजिस्टरमधली ओळ पुरेशी कशी मानायची? बिद्रे यांच्या घरच्यांनी नाव घेतले होते. ते नाव खात्यातल्याच माणसाचे होते.

उशिराची किंमत भावनेत मोजायची आपल्याला सवय आहे. आईबापांचे डोळे वाटेला लागले वगैरे. तपासाच्या हिशेबात ती फार रोकडी असते. त्या काळच्या परवान्याच्या अटींनुसार मोबाइल कंपन्यांना कॉलचे तपशील किमान एक वर्ष जपून ठेवावे लागत. दूरसंचार विभागाने ही मुदत दोन वर्षांवर नेली ती डिसेंबर 2021 मध्ये. म्हणजे एप्रिल 2016 मधला फोन कुठल्या टॉवरखाली होता, हे सांगणारी नोंद एप्रिल 2017 नंतर मिळेलच, याची कायदेशीर हमी नव्हती. सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचे तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. वॉचमन बदलतात, घराला रंग लागतो, फरशा बदलल्या जातात. आणि हे सगळे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस आरोपी असेल तर? पुरावा कुठे सापडतो हे जो आयुष्यभर शिकला, त्याला तो कुठे सापडू नये हेही ठाऊक असणारच.

कुरुंदकरवर अपहरणाचा गुन्हा दाखल झाला जानेवारी 2017 च्या अगदी अखेरीस. त्याच्या काही दिवसच आधी, 26 जानेवारीला, त्याला राष्ट्रपतींचे पोलीस पदक मिळाले.

हा योगायोग नव्हे, ही एक प्रक्रिया आहे. पदकासाठी नाव खालून वर जाते. घटक प्रमुख शिफारस करतात, पोलीस महासंचालकांच्या पातळीवर समिती छाननी करते, गृह विभाग केंद्राकडे पाठवतो. सेवापुस्तक, बक्षिसे, चालू चौकशा, ‘सचोटी निर्विवाद’ असल्याचा दाखला, सगळे कागद लागतात. एक महिला अधिकारी सहा-सात महिने बेपत्ता आहे आणि घरचे याच गृहस्थाचे नाव घेत आहेत, हे वाक्य त्या फायलीत कुठेच बसले नाही, कारण गुन्हा दाखल नव्हता. गुन्हा दाखल नव्हता कारण नोंद मिसिंगची होती. पालदेवार यांनीही या पदकाबद्दल आश्चर्य व्यक्त केले. न्यायालयाला आश्चर्य वाटले ही बातमी झाली, मथळे झाले. ज्यांच्या सह्यांनी नाव पुढे गेले त्यांना काय वाटले, हे कुणी विचारल्याचे दिसले नाही.

पदकानंतरही अटकेला डिसेंबर 2017 उजाडला. बिद्रे कुटुंब या काळात उच्च न्यायालयात गेले, पत्रकारांकडे गेले, कोल्हापूर-मुंबई अशा खेपा घालत राहिले. पुढे सहायक पोलीस आयुक्त संगीता शिंदे-अल्फान्सो यांच्याकडे तपास आला तेव्हा प्रकरणाने वेग घेतला. खात्यातल्या एका बाईचा खून, खात्यातलाच संशयित आणि तो शोधून काढणारी खात्यातलीच दुसरी बाई. पोलीस सगळे सारखे, असे म्हणणाऱ्यांना ही अडचणीची गोष्ट आहे, आणि ‘एखादा नासका निघायचाच’ असे म्हणणाऱ्यांनाही. कारण चांगला तपास होऊ शकतो हे सिद्ध झाले की तो आधी का झाला नाही हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

मृतदेह सापडला नाही तो नाहीच. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे समुद्राला मिळण्याआधीचे रुंद पात्र. लोकलने भाईंदरहून नायगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला दिसते तेच पाणी, मध्ये पाणजूचे बेट, कडेला तिवरे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, तळाला चिखल, वर रेतीवाल्यांचा उपसा. 2018 मध्ये तिथे शोध घेतला गेला तेव्हा गुन्ह्याला दोन वर्षे होत आली होती. हाती काही लागले नाही.

‘बॉडीच नाही तर केस कसली’, हे वाक्य गुन्हेगारांच्या आणि काही हवालदारांच्याही तोंडी सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते. कायदा तसे म्हणत नाही. हिमाचल प्रदेशातल्या रामानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच सांगून ठेवले की मृतदेह सापडलाच पाहिजे अशी अट नाही. तसे मानले तर प्रेताची विल्हेवाट नीट लावणाऱ्याला सुटकेचा परवानाच मिळेल. अट आहे ती पुराव्याच्या साखळीची, आणि ती साखळी कशी तपासायची याचे शिक्षण देशाला महाराष्ट्रातल्या खटल्यांनीच दिले. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1973) या निकालाने ‘गुन्हेगार असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर आखून दिले. पुण्यातल्या शरद सारडा खटल्याने 1984 मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली, जी आज गल्लीतला वकीलही ‘पंचशील’ म्हणून घडाघडा म्हणतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते की नाही, हा घोळ सुटला तो जालन्याच्या अर्जुन खोतकर-कैलास गोरंट्याल निवडणूक वादात, 2020 मध्ये.

पनवेलमध्ये विशेष सरकारी वकील प्रदीप घरत यांनी उभा केलेला खटला याच चौकटीत बसणारा होता. प्रत्यक्षदर्शी नाही, देह नाही. दोन फोन एकाच वेळी कुठून कुठे सरकले, त्यानंतर त्यातला एक कुणाच्या हातात होता, मदतीला आलेली माणसे कुठे होती, अशा एकेका कडीची जोडणी. वर उल्लेखलेली वर्षभराची मुदत इथे पुन्हा ध्यानात घ्यावी. घरच्यांनी आणखी सहा-आठ महिने वाट पाहिली असती, ‘बघू, येईल’ म्हटले असते, तर या साखळीच्या किती कड्या उरल्या असत्या?

कुटुंबाने फाशी मागितली होती. 11 एप्रिल 2025 रोजी, घटनेला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. जन्मठेपेने त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्यांनी समाधान मानावे असे सांगण्याचा बाहेरच्या कुणाला अधिकारही नाही. कायद्याच्या अंगाने मात्र न्यायालय चुकले असे म्हणवत नाही. बच्चन सिंग निकालापासून (1980) फाशी हा अपवादातला अपवाद आहे, आणि केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या, देह न सापडलेल्या खटल्यात परत न फिरवता येणारी शिक्षा देताना हात थबकला तर ते योग्यच. शिवाय वरच्या न्यायालयांची दारे आरोपीला खुली असतात; त्या पायऱ्यांवर टिकणारा निकाल कुटुंबाच्याही हिताचा.

खटकते ते दुसरेच. प्रेताची विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्याला जुन्या दंडसंहितेच्या कलम 201 खाली जास्तीत जास्त सात वर्षे. नव्या न्याय संहितेतही कलमाचा आकडा 238 झाला, वर्षे तेवढीच राहिली. खटला सात वर्षे रेंगाळला की कच्चा कैदी म्हणून काढलेल्या दिवसांतच शिक्षा भागते. मालाडच्या नीरज ग्रोव्हर प्रकरणात 2011 मध्ये हेच झाले होते: पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षे झालेली आरोपी, तितका काळ आत काढलेला असल्यामुळे, निकालापाठोपाठ बाहेर आली. तेव्हा किती गदारोळ झाला! कलम होते तिथेच आहे.

गदारोळाचे आपल्याकडचे गणित अजबच असते. मूळच्या वसईच्या श्रद्धा वालकरचा मे 2022 मध्ये दिल्लीत खून झाला. तिने नोव्हेंबर 2020 मध्येच तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती, परधर्मीय जोडीदाराकडून जिवे मारून तुकडे करण्याची धमकी मिळाल्याची. मग ती मागे घेतली. प्रकरण उघड झाल्यावर राज्य सरकारने डिसेंबर 2022 मध्ये काय केले? आंतरधर्मीय विवाहांच्या संदर्भात एक ‘समन्वय समिती’ नेमली. धमकीची लेखी तक्रार मागे घेतली जाते तेव्हा पोलिसांनी पुढे काय करावे, पंधरा दिवसांनी, महिन्याने त्या मुलीला एक फोन करावा की नाही, हा कंटाळवाणा प्रश्न तसाच राहिला. गीता नगरच्या प्रकरणात आरोपी आणि बळी यांच्या नावांतून तसला अर्थ निघेना, तेव्हा चर्चा ‘लिव्ह-इन’वर घसरली. बिद्रे प्रकरणात धर्म नाही, परकी संस्कृती नाही, उलट गणवेशातला, पदकवाला, संसारी माणूस. मग ना समिती, ना मोर्चे. कोल्हापूरच्या काही पत्रकारांनी आणि कुटुंबाने ते प्रकरण जागते ठेवले.

नोंद न करण्याची ही खोड एका ठाण्याची नाही. पेण तालुक्यातल्या गागोदेजवळ मे 2012 मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले होते. पोलिसांनी ते जे. जे. रुग्णालयात धाडले, पण गुन्हा सोडाच, आकस्मिक मृत्यूची नोंदही झाली नाही. ते अवशेष खून झालेल्या शीना बोराचे असल्याचे तपास यंत्रणांनी म्हटले ते 2015 मध्ये, तीन वर्षांनंतर. नोव्हेंबर 2017 मध्ये, कुरुंदकरला अटक व्हायच्या महिनाभर आधी, सांगलीत अनिकेत कोथळे या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला आणि त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे उघड झाले. ठाण्यातून आधी सांगण्यात आले होते की आरोपी पळून गेला. 2020 मध्ये ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणातला आरोपी, पोलीस अधिकारी सचिन वाझे पुन्हा सेवेत घेतला गेला, आणि मार्च 2021 मध्ये मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत मनसुख हिरेन यांचा मृतदेह सापडल्यावर त्याला अटक झाली. प्रत्येक वेळी ‘हे वेगळेच प्रकरण आहे’ असे सांगितले गेले.

यावरचा उपाय कुणी नव्याने शोधायचा नाही. प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांत पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर त्याची तरतूद केली. आपल्या तालुक्यात किती जणांना हे प्राधिकरण कुठे बसते ते ठाऊक आहे, असे कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारून पाहावे. खरे तर बिद्रे यांच्यासारख्या तक्रारीसाठी नियम एका ओळीचा हवा: तक्रारीत पोलिसाचे नाव आले की चोवीस तासांत ती त्या घटकाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जाईल, त्याच दिवशी मोबाइल कंपन्यांना नोंदी गोठवण्याचे पत्र निघेल आणि तक्रार निकाली निघेपर्यंत त्या माणसाचे नाव कुठल्याही पदकाच्या वा बढतीच्या यादीत पुढे सरकणार नाही. तक्रार खोटी निघाली तर पदक पुढच्या वर्षी मिळेल. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी दरवर्षी येतात.

2020 च्या ऑक्टोबरमध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी वेगळे पोलीस आयुक्तालय सुरू झाले. हद्दीचे जुने घोळ त्यामुळे थोडे कमी झाले. बिद्रे प्रकरणात घर कोल्हापुरात, नोकरी आणि तक्रार नवी मुंबईत, घटना ठाणे ग्रामीणमध्ये, खटला पनवेलला, अशी चार दिशांना तोंडे होती. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार देण्याची मुभा दिली, हे चांगलेच झाले. पण हद्द बाजूला सारली तरी टेबलापलीकडचा माणूस तोच असतो आणि मिसिंगचे रजिस्टरही तिथेच, त्याच्या हाताशी असते.

एक काम खुद्द या शहराच्या पालिकेच्या दारात येते, आणि ते अगदीच कारकुनी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे होते. देह नसला की डॉक्टरचे प्रमाणपत्र नसते, स्मशानाची पावती नसते; आणि सात वर्षे बेपत्ता राहिल्यावर मृत्यू गृहीत धरण्याची पुरावा कायद्यातली तरतूदही प्रत्येक खिडकीवर समजावून सांगावी लागते. त्या दाखल्याशिवाय निवृत्तिवेतन, विमा, भविष्य निर्वाह निधी, वारसाची नोंद, सगळेच अडते. मीरा-भाईंदर महापालिकेच्या अर्जात मृत्यूचे कारण, मृत्यूचे ठिकाण, अंत्यविधीचे ठिकाण असे रकाने असतात. खुनाचा निकाल हाती घेऊन आलेल्या नातेवाइकाने त्यातल्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे, एवढे तरी एका परिपत्रकाने ठरवून द्यायला हरकत नसावी.